उंबरा, चूल आणि मीटर : यवतमाळ जिल्ह्यातील घराच्या ओळखीचा इतिहास

१

अमुक गाव केवढे, असे वऱ्हाडातील एखाद्या वृद्ध मनुष्यास विचारले असता तो माणसांचा आकडा सहसा सांगत नाही. ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असे सांगतो. त्याच गावातील दोन भाऊ एकत्र आहेत की विभक्त, असे विचारले तर ‘चुली वेगळ्या झाल्या’ किंवा ‘चूल एकच आहे’ असे उत्तर मिळते. परंतु तेच घर वीज वितरण कंपनीच्या दप्तरात शोधावयाचे झाल्यास उंबऱ्याचा उपयोग नाही आणि चुलीचाही नाही. तेथे बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगावा लागतो. उंबरा, चूल आणि मीटर अशी घर मोजण्याची ही तीन परिमाणे आहेत. ती एकामागून एक प्रचारात आली. मात्र नवे आले म्हणून जुने लोपले असे झाले नाही. आज ती तिन्ही एकाच घरावर एकाच वेळी लागू आहेत, आणि त्यांची उत्तरे नेहमीच जुळतात असे नाही.

घरात काय जळते, ते कोठून येते आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, या तीन प्रश्नांच्या आधारे यवतमाळ जिल्ह्यातील ‘घर’ या कल्पनेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अलीकडे स्मार्ट मीटर व दुरून चालविता येणारी गृहोपयोगी उपकरणे यांविषयी पुष्कळ चर्चा होत असते. ती बहुधा तंत्राच्या किंवा दराच्या अंगाने होते. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे उचित होय असे आम्हांस वाटते.

२

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर १८६४ मध्ये या भागाचा आग्नेय वऱ्हाड या नावाचा जिल्हा करण्यात आला. पुढे त्यास वणी जिल्हा म्हणू लागले. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका त्यात आला व जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. काळी जमीन, कापूस, ज्वारी व तूर ही पिके, आणि दक्षिणेस व पूर्वेस डोंगराळ जंगल असे या प्रदेशाचे स्थूल स्वरूप आहे. येथील साध्या घराची घडण या दोन गोष्टींतूनच झाली.

कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, आणि तूर झोडपून उरते ती तुराटी. तुराटीचा कूड विणून त्यावर माती व शेण यांचा गिलावा केला की घराची भिंत होते. पऱ्हाटी अंगणात रचून ठेवली की ती वर्षभराचे सरपण होते. म्हणजे ज्या शेतातून घराचे अन्न येई त्याच शेतातून घराची भिंत आणि घरातील अग्नीही येई. सधन कुटुंबाचे घर मातीचे, माळवदी किंवा कौलारू असे, परंतु त्याचीही चूल पऱ्हाटी, गोवऱ्या व जंगलातील लाकूड यांवरच चाले. या व्यवस्थेत इंधनाचे माप पैशात नसून श्रमात होते. पऱ्हाटी उपटणे, तिचे भारे बांधणे, शेण थापणे, मोळी डोक्यावरून आणणे ही कामे बहुतांशी स्त्रियांची होती, आणि त्या कामांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नव्हती. मातीच्या साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा अगदी थोडा भाग, साधारणतः दशांश, भांड्यापर्यंत पोचतो; उरलेली उष्णता व धूर घरातच राहतो. हे जुने घर स्वावलंबी होते यात संशय नाही, परंतु त्या स्वावलंबनाची किंमत कोणाच्या डोळ्यांनी व फुप्फुसांनी दिली हे विसरून त्याचे गुणगान करणे इतिहासास धरून होणार नाही.

३

शेतातील सरपण पुरत नसे, तेथे जंगल होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने वऱ्हाडातील जंगलांची अ, ब, क अशी प्रतवारी केली : पहिले इमारती लाकूड व जळण यांसाठी, दुसरे गवतासाठी, तिसरे चराईसाठी. पूर्वी ज्या जंगलात मनुष्य आपल्या गरजेपुरते शिरत असे तेथे आता परवाना, शुल्क व दंड यांचा प्रवेश झाला. घराच्या चुलीचे इंधन राज्यसत्तेने मोजावयास घेतले, त्याचा हा आरंभ म्हणता येईल.

या मोजणीविरुद्ध जिल्ह्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला व त्यांस अटक झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडास समुद्र नाही, तेव्हा मीठ कोठून उचलावयाचे, हा प्रश्न होता. त्यास जंगल सत्याग्रह हे उत्तर मिळाले. या घटनेचा विचार सामान्यतः राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु गवत हाच विषय लोकांच्या मनास का भिडला, हे समजण्यासाठी घराकडे पाहावे लागते. गोठ्यातील जनावराचा चारा, छपराचे शाकारणे आणि जनावराच्या शेणापासून होणारी गोवरी या तिन्ही गोष्टी त्या गवताशी जोडलेल्या होत्या. अर्थात् गवतावरील निर्बंध हा घरावरील निर्बंध होता.

४

प्रकाशाचा इतिहास अग्नीच्या इतिहासाहून किंचित वेगळा आहे. जवस, तीळ, करडई यांचे तेल गावच्या घाण्यावर निघे. जंगलपट्टीत मोहाच्या बियांचे तेलही दिव्यात जाई. पणती किंवा समई देवळीत ठेवली जाई, आणि दिवेलागण ही दिवसाची एक निश्चित वेळ मानली जाई. दिवा विझला असे म्हणणे अशुभ, म्हणून तो ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ असे म्हणावयाचे. या शब्दयोजनेवरून दिव्याकडे पाहण्याची दृष्टी ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशांतून आलेले खनिज तेल देशभर पसरले व घासलेट किंवा रॉकेल या नावांनी घरोघर पोचले. पत्र्याची चिमणी, काचेचा कंदील आणि लग्नकार्यातील गॅसबत्ती ही तीन साधने त्याने आणली. येथे घराच्या इतिहासात एक मोठा पालट झाला. घरातील प्रकाश प्रथमच शेताबाहेरून, गावाबाहेरून, किंबहुना देशाबाहेरून येऊ लागला, आणि तो रोख पैशाने विकत घ्यावा लागला. तेल्याच्या घाण्याचे दिव्याशी असलेले नाते तुटत गेले. पुढे रॉकेल शिधापत्रिकेवर मिळू लागले तेव्हा घराच्या प्रकाशाचे माप लिटरमध्ये व सरकारी दुकानात होऊ लागले. परंतु एक गोष्ट अद्याप घराच्या हाती होती. बाटलीत किती तेल उरले ते डोळ्यांस दिसे. वात खाली करावयाची की नाही, हे घरातील बाई ठरवी.

५

आता चुलीच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. चूल हे केवळ स्वयंपाकाचे साधन नव्हे. ती कुटुंबाच्या एकत्वाची खूण होय. सर्व घराला जेवणाचे बोलावणे करावयाचे तर त्यास ‘चूलबंद आवतण’ म्हणतात, कारण त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. हिंदू कुटुंबाच्या वाटणीविषयीच्या दाव्यांत अन्न वेगळे झाले की नाही हा मुद्दा न्यायालयांपुढे वारंवार आला. केवळ चूल वेगळी झाल्याने मिळकतीची वाटणी सिद्ध होत नाही, परंतु तो एक पुरावा ठरू शकतो, अशी भूमिका न्यायालयांनी घेतली. लोकव्यवहारातील खूण कायद्याने पूर्णपणे स्वीकारली नाही व पूर्णपणे नाकारलीही नाही.

जनगणनेने मात्र ती स्वीकारली. वऱ्हाडात स्वतंत्र शिरगणती १८६७ मध्येच झाली होती. पुढे देशभरच्या जनगणनेत कुटुंबाची जी व्याख्या स्थिर झाली ती अशी की, जे लोक सामान्यतः एकत्र राहतात व एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवतात त्यांचे एक कुटुंब होय. म्हणजे वऱ्हाडातील म्हातारा ज्या खुणेने घर ओळखी, तीच खूण राज्ययंत्रणेच्या कोष्टकात जाऊन बसली. २०११ च्या जनगणनेत तर घरातील प्रकाशाचे मुख्य साधन व स्वयंपाकाचे इंधन या दोन्ही गोष्टी प्रत्येक कुटुंबास विचारण्यात आल्या. चुलीवरून घर ओळखणारी यंत्रणा आता चुलीत काय जळते यावरून त्याची प्रत ठरवू लागली.

६

मीटर हे तिसरे परिमाण परदेशातून आले. १८८९ मध्ये बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील अभियंता ओटो ब्लाथी याने प्रत्यावर्ती विजेचे प्रवर्तन-मीटर सिद्ध केले. त्यातील फिरती तबकडी पुढे शंभर वर्षे जगभरच्या भिंतींवर फिरत राहिली. भारतात १९१० च्या वीज कायद्याने परवानाधारक कंपन्यांच्या पुरवठ्यास चौकट दिली. या काळात वीज ही शहराची, कारखान्याची व श्रीमंतांच्या दिवाणखान्याची वस्तू होती. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य विद्युत मंडळांची तरतूद केली, आणि ग्रामीण भागाकडे दृष्टी वळली. यवतमाळ जिल्हा प्रथम मध्यप्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले. ६ जून २००५ रोजी राज्य मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे गेले.

या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस वणीच्या परिसरात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, दगडी कोळसा आहे. राजूर, उकणी, घोन्सा ही खाणींची नावे जिल्ह्यात सर्वांस परिचित आहेत. वर्धा खोऱ्यातील कोळशावर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील औष्णिक वीजकेंद्र १९८० च्या दशकापासून चालते. एक युनिट वीज निर्माण करण्यास स्थूलमानाने दोनतृतीयांश किलोग्रॅम कोळसा लागतो, आणि कोळशातील उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भागच विजेत उतरतो. त्या एका युनिटावर ६० वॉटचा जुना दिवा १६ तास ४० मिनिटे जळे. ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास जळतो. पूर्वी घराचे सरपण शेताच्या बांधावरून येत असे. आता जिल्ह्याच्याच भूगर्भातून निघालेले इंधन प्रथम जिल्ह्याबाहेर जाते व राष्ट्रीय जाळ्यात मिसळून तारेवाटे परत येते. खाणीजवळच्या गावास धूळ व उकरलेल्या मातीचे ढीग प्रत्यक्ष दिसतात. शहरातील घरास फक्त बटण दिसते. इंधन आणि घर यांमधील अंतर वाढले की इंधनाची किंमत डोळ्याआड होते, हे येथे स्पष्ट दिसते.

मीटरने घरास एक नवे अस्तित्वही दिले. विजेचे देयक हा निवासाचा पुरावा मानला जाऊ लागला. ज्याच्या भिंतीवर मीटर आहे त्याचे घर कागदावर आहे. पुष्कळ घरांत देयकावर अद्याप आजोबांचे नाव असते. ते वारून वर्षे लोटली तरी दर महिन्यास त्यांच्या नावे कागद येतो. उलट जेथे मीटर नाही तेथे घर असूनही ते सिद्ध करणे कठीण जाते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी आदी तालुक्यांतील कोलाम समाजाचे पोड हे याचे उदाहरण होय. पोड पुष्कळदा मूळ गावठाणापासून दूर, जंगलाच्या कडेला असतो. म्हणून गावास वीज पोचली असे नोंदले गेले तरी पोडात ती पोचली असे होत नसे. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली तेव्हा लक्ष्य गावाऐवजी घर हे ठरले, आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसह अतिदुर्बल आदिम समाजांच्या वस्त्यांवरील वीजजोडणीचा स्वतंत्र विचार झाला. ‘विद्युतीकरण झालेले गाव’ या शब्दांत किती घरे अंधारात राहू शकतात, हे ओळखण्यास राज्यास अर्धे शतक लागले.

येथे स्त्रीच्या स्थानाचाही उल्लेख केला पाहिजे. वीजजोडणी बहुधा पुरुषाच्या नावे असते. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी मात्र प्रौढ स्त्रीच्याच नावे दिली जाते. चूल तिची, म्हणून तिचा कागदही तिचा, ही गोष्ट लहान नाही. तथापि पऱ्हाटी फुकट व सिलिंडर विकत, या साध्या हिशेबामुळे अनेक घरांत दोन्ही चुली शेजारी शेजारी नांदतात.

७

‘स्मार्ट’ या विशेषणाचा प्रवेश जिल्ह्यात प्रथम कोठे झाला, असे विचारल्यास दिवाणखान्यापेक्षा विहिरीकडे बोट दाखवावे लागेल. शेतीपंपास वीज ठरावीक तासच मिळे, व त्यातही पुष्कळदा रात्री. अंधारात, विंचूकाट्यांतून व रानडुकरांच्या भीतीतून शेतात जाण्याऐवजी शेतकऱ्यांनी पंपास स्वयंचलित कळ बसविली, व पुढे मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसविला. घरी बसून दूरचे यंत्र चालविण्याची ही विद्या येथे चैनीतून आली नाही. ती गरजेतून आली. तिचा एक अनिष्ट परिणामही झाला. वीज येताच गावातील सर्व पंप एकाच क्षणी सुरू होत व भार न सोसून रोहित्र, म्हणजे गावच्या बोलीत ‘डीपी’, जळे. म्हणून महावितरणने स्वयंचलित कळ काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले. प्रत्येक घराचे शहाणपण मिळून गावाचे शहाणपण होतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

२००५ नंतरच्या कठोर भारनियमनाच्या काळात आणखी एक बदल झाला. शेती व वस्ती एकाच वाहिनीवर असल्याने शेताची वीज गेली की घरही अंधारात जाई. त्यावर गावठाण फीडर हा उपाय निघाला. वस्तीची वाहिनी वेगळी व शेतीची वेगळी करण्यात आली. लाभ निःसंशय झाला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, जे शेत व जे घर पऱ्हाटीच्या एका भाऱ्याने बांधलेले होते ते आता तारेनेही विभक्त झाले.

८

फिरत्या तबकडीचे मीटर महिन्यातून एकदा वाचले जाई. त्यासाठी एक मनुष्य उंबऱ्याशी येई. कधी पाणी पिई, कधी वाद घाली. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापराची नोंद घेऊन ती दूर पाठवू शकते, आणि दूरूनच पुरवठा तोडू व जोडू शकते. जून २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत अशी २५ कोटी प्रीपेड मीटरे देशभर बसविण्याचे लक्ष्य ठेवले गेले. महाराष्ट्रात यास विरोध झाला व जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसविणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर देयक नंतर भरावयाची, परंतु वेळेनुसार वापर नोंदविणारी मीटरे बसविण्यात येऊ लागली.

यातून तीन प्रश्न उभे राहतात. पहिला सूचनेचा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. या पंधरा दिवसांत मनुष्य उसने आणतो, कापूस विकतो, कार्यालयात जाऊन मुदत मागतो. प्रीपेड पद्धतीत ही सवड उरत नाही, कारण तेथे थकबाकीच होत नाही. शिल्लक संपते व दिवा जातो. ज्याचे उत्पन्न दरमहा येते त्यास ही पद्धत सोयीची वाटेल. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर येते त्याची गोष्ट निराळी.

दुसरा प्रश्न वेळेचा. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे तत्त्व अंमलात आले. दिवसा सौर वीज मुबलक असते, म्हणून ही योजना तांत्रिक दृष्टीने सयुक्तिक आहे. परंतु वेचणीच्या दिवसांत कापूसवेच्या कुटुंबाचे घर नेमके याच वेळेस कुलूपबंद असते. त्या घरात दिवा, पंखा व मिक्सर लागतो तो पहाटे आणि दिवेलागणीनंतर. जो दिवसा घरी असतो, ज्याच्याकडे धुलाईयंत्र वा पाणी तापविण्याचे यंत्र आहे, त्यास वापराची वेळ बदलता येते; जो दिवसभर शेतात असतो त्यास ती बदलता येत नाही. एकच दरपत्रक दोन घरांस दोन प्रकारे लागू पडते ते असे.

तिसरा प्रश्न एकांताचा. दर पंधरा मिनिटांच्या नोंदीवरून घर केव्हा उठते, केव्हा निजते, केव्हा ओस असते हे कळू शकते. नेदरलंड्सच्या वरिष्ठ सभागृहाने एप्रिल २००९ मध्ये याच कारणास्तव सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक रोखले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्याकडे उंबऱ्याचा अर्थच असा होता की, त्याच्या आत काय चालते ते बाहेरच्याने हाक मारल्यावाचून पाहू नये. मीटर वाचणारा मनुष्य उंबऱ्याशी थांबे. तारेवाटे होणाऱ्या वाचनास उंबरा आड येत नाही.

९

वरील विवेचनावरून नवे मीटर वाईट व जुनी चूल चांगली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. विजेच्या दिव्याने पोडातील मुलास रात्री वाचता आले, आणि गॅसने बाईचे डोळे धुरापासून वाचविले. गळती व चोरी यांचा बोजा प्रामाणिक ग्राहकावर पडतो, म्हणून अचूक मोजणी आवश्यकच आहे. आकडा टाकून वीज घेणे हा काही घराचा हक्क नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, मोजमापाचे प्रत्येक साधन घराची एक व्याख्या बरोबर घेऊन येते. उंबऱ्याने घर म्हणजे मर्यादा असे मानले. चुलीने घर म्हणजे सहभोजन असे मानले. मीटर घर म्हणजे ग्राहक असे मानते. पहिल्या दोन व्याख्या घरातील माणसांनी केल्या होत्या, व राज्याने त्या त्यांच्याकडून घेतल्या. तिसरी बाहेरून आली आहे, आणि तिच्यात सूचनेची मुदत, वेचणीचे दिवस व उंबऱ्याची मर्यादा यांस स्थान द्यावयाचे की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे.

या विषयाची साधने घरोघर पडून आहेत. जुनी वीजदेयके, रॉकेलच्या नोंदी असलेल्या शिधापत्रिका, वाटणीपत्रांतील चुलीचे उल्लेख, फुटक्या काचेचे कंदील, आणि पहिल्या रात्री दिवा लागला तो दिवस आठवणारी माणसे, ही सर्व सामग्री झपाट्याने नाहीशी होत आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी ही सामग्री गोळा केल्यास घराचा इतिहास लिहिता येईल. त्या कामाचा आरंभ त्यांनी आपल्याच आजीला, घरची चूल केव्हा व कशी बदलली, असे विचारून करावा.